मेळघाटचे रानफळ परसात का आले नाही

ब्लूबेरी हे फळ फार जुने असले, तरी बागेतले फळ म्हणून तिचे वय शंभरीच्या जरा पुढचे आहे. आंबा, द्राक्ष किंवा केळी यांना माणसाने केव्हा हाताशी धरले हे सांगताना इतिहासकाराला अंदाजावर भागवावे लागते. ब्लूबेरीच्या बाबतीत मात्र जागा, माणसे आणि वर्ष हे तिन्ही नोंदलेले आहे. अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात व्हाइट्सबॉग नावाच्या मळ्यावर १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले विक्रीजोगे पीक निघाले. त्याआधी ती रानात मिळे आणि वेचणाऱ्यांच्या टोपलीतून बाजारात येई. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी तिची जी स्थिती होती, तीच आज सेमाडोहच्या जंगलातल्या चारोळीची, टेंभराची आणि करवंदाची आहे. यांतले एक फळ शंभर वर्षांत जगभरच्या फ्रीजमध्ये जाऊन बसले आणि बाकीची अजून टोपलीतच राहिली. याचे कारण फळात शोधायचे की माणसांच्या व्यवहारात, हा या लेखाचा प्रश्न आहे. फळाच्या गुणाचा वाटा त्यात थोडा आहे आणि जमिनीवरच्या हक्काचा फार मोठा, असे माझे म्हणणे आहे.

सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातले, सिपना नदीकाठचे गाव. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा घाटरस्ता इथून जातो. बाहेरच्या माणसाला गाव ठाऊक असते ते व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन संकुलामुळे आणि पुढच्या कोलकासमुळे. सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार या मेळघाटच्या पाच नद्या. पाचही शेवटी तापीला मिळतात. वस्ती मुख्यतः कोरकूंची. त्यांची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळातली सर्वात पश्चिमेकडची. मराठी-हिंदीच्या मुलखात राहूनही ती टिकली आहे. इथल्या वर्षाचे मोजमाप पिकांइतकेच रानातल्या झाडांवरून होते. होळीच्या आगेमागे मोहाची फुले गळू लागतात, उन्हाळा तापला की चार आणि टेंभरे पिकतात, पावसाच्या तोंडाशी जांभूळ येते, थंडीत आवळा आणि बोर. बिब्ब्याच्या बीवरचा पिवळा गोडसर भाग वाळवून खातात. चाराचे फळ मुले जागच्या जागी खातात आणि आतले बी फोडून निघालेली चारोळी बाजारात जाते. मध्य भारताच्या सगळ्या जंगलपट्ट्यात ती एके काळी व्यापाऱ्याला मिठाच्या बदल्यात दिली जाई, आणि शहरात तीच चारोळी बासुंदीवर पडे. या अदलाबदलीत कोण कमावत होते, हे सांगायला हिशेबाची वही लागत नाही.

ब्लूबेरी रानातून बागेत कशी आली ते थोडे तपशिलात पाहायला हवे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या तपशिलावर उभा आहे. फ्रेडरिक कोव्हिल हा अमेरिकेच्या कृषी खात्यातला वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०६ पासून तो या झुडपावर प्रयोग करत होता आणि १९१० साली त्याने आपले निष्कर्ष एका सरकारी पुस्तिकेत छापले. रानातले झुडूप उपटून आणून खत घातलेल्या चांगल्या जमिनीत लावले की मरते, हा तोवर सगळ्यांचा अनुभव होता. कोव्हिलने दाखवले की आपण जिला चांगली जमीन म्हणतो तीच ब्लूबेरीला मारते. तिला आंबट, चुना नसलेली माती लागते. तिच्या मुळांना एका सूक्ष्म बुरशीची सोबत असते. एका झुडपाच्या फुलाला दुसऱ्या जातीच्या झुडपाचा पराग मिळाला तर फळ चांगले धरते. पुस्तिका वाचून १९११ साली एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी कोव्हिलला पत्र लिहिले. त्यांच्या वडिलांचा क्रॅनबेरीचा मोठा मळा होता आणि आजूबाजूच्या पाइनच्या जंगलात रानटी ब्लूबेरी भरपूर होती. कोव्हिलकडे शास्त्र होते, व्हाइटबाईंकडे जमीन. पण हजारो झुडपांतले उत्तम कोणते, हे दोघांनाही माहीत नव्हते. ते माहीत होते वर्षानुवर्षे त्या रानात फळ वेचणाऱ्या गरीब माणसांना. व्हाइटबाईंनी वेचणाऱ्यांच्या हाती धातूची एक पट्टी दिली. तिला सुमारे १६ मिलिमीटर व्यासाचे भोक होते. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप दाखवा, पैसे घ्या आणि झुडपाला तुमचे नाव, असा करार. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाला ‘रूबेल’ हे नाव मिळाले आणि ती जात आजही लावली जाते. हार्डिंग, ग्रोव्हर, अ‍ॅडम्स ही नावेही तशीच आली. याच झुडपांच्या संकरातून पुढच्या बहुतेक जाती निघाल्या.

या कथेत माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची ती भोकाची पट्टी आहे. नवे फळ प्रयोगशाळेत जन्मते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात निवड आधीच झालेली होती; वेचणाऱ्यांच्या डोळ्यांत आणि पायवाटांच्या आठवणीत ती साठवलेली होती. व्हाइटबाईंनी त्या ज्ञानाला किंमत दिली. तीही कोणत्या काळात, तर याच पाइन-जंगलातल्या रहिवाशांना मंदबुद्धी आणि बिघडलेल्या वंशाचे ठरवणारा एलिझाबेथ काइट यांचा अहवाल १९१३ साली गाजत होता तेव्हा. व्हाइटबाई या माणसांच्या बाजूने जाहीरपणे उभ्या राहिल्या. पण या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. वेचणाऱ्याला नाव आणि बक्षीस मिळाले, मळा मात्र मालकाचाच राहिला. झाडाच्या जातीवर हक्क सांगण्याचा कायदाच अमेरिकेत १९३० साली झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे रान एके काळी लेनापे लोकांचे होते आणि त्यांना हुसकावल्यावरच ते कुणाच्या तरी खाजगी मालकीचे झाले. तेव्हा तिथली व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की उत्तम झुडूप ओळखणारा आणि ते झुडूप आपल्या कुंपणात लावू शकणारा, हे दोघे तिथे एकमेकांशी सौदा करू शकले.

मेळघाटात तो सौदा होऊ शकेल अशी जागाच उरली नाही. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि पुढच्या दशकातच बैरागड-गुगामल भागातले जंगल राखीव करायला सुरुवात झाली. कारण उघड होते. रेल्वे भुसावळहून नागपूरकडे सरकत होती, तिला सागाचे लाकूड हवे होते आणि आधीच्या बेबंद तोडीने उत्तम साग संपत आला होता. आल्फ्रेड लायलने १८७० साली वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. जेम्स फोर्सिथचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक त्याच्या पुढच्याच वर्षी आले. फोर्सिथ स्वतः जंगल खात्याचा माणूस. मोहाचे झाड इथल्या लोकांना किती आधार देते हे त्याने मनापासून लिहिले आहे, आणि त्याच पुस्तकात डोंगरउतारावर झाडी जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीवर, मध्य प्रांतात जिला दह्या म्हणत तिच्यावर, कडक टीकाही केली आहे. एकाच माणसाला दोन्ही गोष्टी दिसल्या, पण त्यांचा संबंध त्याने लावला नाही. दह्या करणारा माणूस शेत मोकळे करताना मोह, आंबा आणि चार राखतो. काही वर्षांनी तो उतार सोडतो तेव्हा मागे उरते ते मिश्र जंगल नव्हे, तर निवडून राखलेल्या फळझाडांचे विरळ रान. फळ आवडले म्हणून राखले, नाही आवडले म्हणून तोडले, ही निवडच आहे. ती कलमाइतकी अचूक नसते, पण कलमाच्या आधीची पायरी हीच असते.

ही पायरी कायद्याने बंद केली. फिरती शेती थांबली, लोकांना वनग्रामांत बसवले. तिथे घर आणि शेत खात्याच्या मर्जीवर, कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायला मजुरी देण्याच्या अटीवर. शेतातले झाडसुद्धा शेतकऱ्याचे नसायचे. अशा जमिनीवर कोण फळझाड लावील? ज्वारी, कुटकी किंवा मका चार महिन्यांत हाती येतो, तेव्हा तो पेरायचा. दहा वर्षांनी फळणारे झाड दहा वर्षांच्या भरवशाच्या माणसाने लावायचे. कोरकूंना बागाईतीची समज नाही, असा शेरा जुन्या सरकारी लिखाणात आणि नव्या योजनांच्या प्रस्तावनांत वारंवार भेटतो. मला तो शेरा उफराटा वाटतो. ज्याच्या पायाखालची जमीन त्याची नाही त्याने झाड न लावणे, ही बागाईतीची उत्तम समज आहे.

आगीचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात ब्लूबेरीची एक बुटकी जात माळांवर आपोआप पसरते. तिथले वाबानाकी लोक ठरावीक वर्षांनी ते माळ जाळत, कारण जळालेल्या झुडपाला जमिनीखालच्या खोडातून जोमदार फूट येते आणि पुढच्या हंगामात फळ भरघोस लागते. गोऱ्या शेतकऱ्यांनी हीच रीत उचलली, माळाचे तुकडे करून पाळीपाळीने जाळणे हे त्या पिकाचे रीतसर तंत्र झाले आणि कृषी विद्यापीठे ते शिकवू लागली. मेळघाटातही वेचणारा मोहाखालचा पाचोळा जाळतो, म्हणजे फूल स्वच्छ जमिनीवर पडते. टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, झुडपाला आग लागली की नवी, कोवळी पाने येतात, हेही त्याला माहीत असते. इथे मात्र तो गुन्हा ठरला. उन्हाळ्यात कोरड्या सागवनात आग हाताबाहेर जाते, वणव्याने लहान रोपे मरतात, हे खरे आहे आणि व्याघ्र प्रकल्पात अशी मोकळीक देता येणार नाही हेही खरे. पण ठरवून, कुणाच्या तरी जबाबदारीवर लावलेली आग आणि चोरून लावलेली आग यांत फरक असतो. बंदीने आग थांबली नाही. जबाबदारी तेवढी गेली.

सर्वात मोठे नुकसान झाले ते झाडांच्या वाणाचे. चाराचे फळ कुणाचेच नसले की ते आधी पोचणाऱ्याचे होते. म्हणून फळ पुरते पिकण्याआधीच उतरवले जाते, आणि वेळ वाचवण्यासाठी फांद्याच छाटल्या जातात. ही तक्रार मध्य भारतातल्या चारोळीच्या सगळ्या पट्ट्यातून ऐकू येते. यात एक क्रूर गणित आहे. ज्या झाडाला फळ जास्त, बी मोठे, त्याच्यावर कुऱ्हाड आधी पडते; निकृष्ट झाड सुखाने बिया टाकत राहते. व्हाइट्सबॉगला उत्तम झुडूप सापडले की ते जपले गेले, आमच्याकडे उत्तम झाड सापडले की ते ओरबाडले जाते. दीड शतक असे चालले तर वाणाचे काय होईल?

मग मेळघाटच्या बागांत काय आले? जे बाहेरून आले ते. चिखलदऱ्याचे पठार १८२३ साली हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडले असे सांगतात. पुढे साहेबांचे बंगले झाले, बंगल्यांभोवती बागा झाल्या. कॉफी त्याच काळातली. थंड हवेच्या या एवढ्याशा टापूत ती अजून तग धरून आहे, आणि महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघाले की चिखलदऱ्याचेच निघते. बटाटा आला. अगदी अलीकडे मोथा आणि आसपासच्या गावांत स्ट्रॉबेरी आली, तीही महाबळेश्वरच्या वाटेने, जिथे स्वतः स्ट्रॉबेरी इंग्रजांबरोबरच पोचली होती आणि जिला २०१० साली भौगोलिक निर्देशन मिळाले. या पिकांना मी नावे ठेवत नाही. स्ट्रॉबेरीने काही घरांत रोख पैसा आणला. पण तिची रोपे दर हंगामात विकत आणावी लागतात आणि मातृरोपे तर परदेशातून येतात. म्हणजे जमीन आणि घाम इथला, वाण दुसऱ्याचा. नव्या ब्लूबेरीचे तेच आहे. तिच्या बऱ्याच आधुनिक जातींवर पेटंट आहे आणि परवान्याशिवाय त्यांचे रोप करता येत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परदेशी फळाला नाक मुरडायचे तर सीताफळाचे काय करायचे? ते मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले, समुद्रमार्गे भारतात आलेले, आणि आज मेळघाटच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आणि दख्खनच्या किल्ल्यांभोवती इतके रुजलेले की त्याला परके म्हणणाऱ्याला लोक हसतील. वऱ्हाडची संत्री तरी कुठे इथली? वरुड आणि मोर्शी ही नावे संत्र्याशिवाय उच्चारता येत नाहीत, पण नागपूरकर भोसल्यांनी ती औरंगाबादकडून आणल्याचे सांगतात. माझा मुद्दा देशी विरुद्ध विदेशी असा नाहीच. उलट संत्र्याचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नवे फळझाड लावायला कुणी शिकवावे लागले नाही. मालकीची विहीर आणि मालकीची जमीन असलेल्या कुणब्या-माळ्याने बाहेरचे झाड एवढे आपले केले की तालुक्याची ओळख बदलली. त्याच जिल्ह्यात, डोंगरावर, मालकी नसलेल्या माणसाला घराशेजारचे झाडसुद्धा आपले करता आले नाही. जिल्हा एक, सरकार एक, बाजार एक. फरक होता तो सातबाऱ्याचा.

दुसरा आक्षेप झाडाच्या बाजूचा. ब्लूबेरी हे कमरेएवढे, फार तर डोक्याएवढे झुडूप. छाटकलमावरून ते सहज वाढते आणि दोन-तीन वर्षांत फळते. चार आणि मोह हे वृक्ष आहेत, बीपासून वाढवले तर फळायला बरीच वर्षे घेतात, चाराचे बी तर रुजायलाही कुरकुर करते. म्हणून ब्लूबेरी बागेत आली आणि चार आला नाही, यात राजकारण कशाला शोधायचे? यात तथ्य आहे. म्हणूनच सुरुवातीला फळाच्या गुणाला मी थोडा वाटा दिला. पण करवंद हे झुडूपच आहे. वरून काळेजांभळे, आतून गुलाबी, लोणच्यापासून सरबतापर्यंत सगळ्याला चालणारे, कुंपणाचे काम करणारे, आणि तेही निवडीवाचून राहिले. शिवाय वृक्षांची अडचण कलमाने सुटते हे सिद्ध झालेले आहे. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडीचे काम केले, ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली, आणि २०२३ साली त्या जांभळाला भौगोलिक निर्देशन मिळाले. बहाडोलीची झाडे शेतकऱ्यांच्या खाजगी वाड्यांत होती, हे लक्षात घ्या. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रीय संशोधन केंद्राने चारोळीचीही निवडक जात काढली आहे. तेव्हा झाड आडवे येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. जंगल राखीव झाले म्हणूनच मेळघाट उरला. नाही तर सागाचे स्लीपर झाले असते, उतारावर कापूस आला असता आणि १९७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गणायला इथे वाघ राहिला नसता. हे मी मान्य करतो. राखीव जंगलाने जंगल वाचवले. पण वाचवण्यासाठी वेचणाऱ्याला झाडाचा परका करणे आवश्यक होते का? सागाची तोड मोहाची फुले वेचणाऱ्याने केली नव्हती; ठेकेदाराने आणि पुढे खुद्द खात्याच्या कूपांनी केली. आणि झाडाशी संबंध तुटण्याची किंमतही मोजली गेलीच. १९९३ साली मेळघाटच्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गेली तेव्हा कुपोषणाची अनेक कारणे सांगितली गेली. त्यानंतरच्या प्रत्येक योजनेत परसबाग हा शब्द आहे. शेवगा, पपई, पालक, लिंबू यांची रोपे आणि बियाणे वाटले जाते. चांगलेच आहे. पण घरामागच्या चार गुंठ्यांत रानातला उत्तम आवळा किंवा करवंद कलम करून लावावे, हे क्वचितच कुणाला सुचते.

आता ज्यांना ब्लूबेरीच हवी त्यांच्यासाठी. सेमाडोहच्या परसात ती येईल का? जमिनीत नाही, कुंडीत येईल, आणि लाड पुरवले तर. काळ्या किंवा चुनखडीच्या मातीत तिची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या बागाईतदाराला हा लोहाच्या कमतरतेचा रोग ओळखीचा आहे. मातीचा सामू साडेचार ते साडेपाच हवा. गंधक घालून माती आंबट करता येते, पण चुना भरपूर असेल तर तो गंधकाला पचवून टाकतो. म्हणून मोठी कुंडी, कोकोपीट, कुजलेली साल आणि पालापाचोळा, आणि बोअरच्या क्षारी पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी. शेणखताचा मारा नको; अमोनियम सल्फेट थोडे थोडे चालते. थंडीचाही प्रश्न आहे. उत्तरेकडच्या जुन्या जातींना कडक थंडीचे आठशे-हजार तास लागतात, ते चिखलदऱ्यावरही मिळणार नाहीत. फ्लोरिडात राल्फ शार्प यांनी दक्षिणेकडच्या रानटी जातीशी संकर करून कमी थंडीत फळणारी झुडपे तयार केली, त्यांतली ‘शार्पब्लू’ १९७० च्या दशकातली. १९९८ ची ‘बिलोक्सी’ तर पेरूच्या किनारी वाळवंटात जवळजवळ थंडीवाचून वाढली आणि तिच्या जोरावर तो देश जगातला मोठा निर्यातदार बनला. कुंडीसाठी याच गटातल्या दोन जाती शेजारी ठेवाव्यात, एप्रिल-मेमध्ये सावलीची जाळी आणि फळ धरल्यावर पाखरांसाठी जाळी. मिळणारे फळ ताजे खावे किंवा उन्हात वाळवावे. अमेरिकेतले मूळ रहिवासी ते वाळवूनच हिवाळाभर पुरवत. हौस म्हणून हे ठीक आहे. उत्पन्न म्हणून नाही: सप्टेंबर २०२३ मध्ये भारताने अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात ब्लूबेरीवरचे आयातशुल्क कमी करायचे मान्य केले, आणि पेरूच्या मळ्यांशी सेमाडोहच्या कुंडीने स्पर्धा करू नये.

यापेक्षा महत्त्वाचा बदल कायद्यात झाला आहे, आणि तो पुरता वापरला गेलेला नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, त्यापाठोपाठ १९९७ चा गौण वनोपजाच्या मालकीचा राज्य कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी, निदान कागदावर, वेचणाऱ्याला वनोपजाचा मालक केले. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावाने राखण बसवली, सीताफळाच्या झाडांना जपले, फळ उतरवण्याचे नियम ग्रामसभेने ठरवले आणि ते स्वतःच्या नावाने मुंबईच्या बाजारात विकले. २०१४ साली त्यांना राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कारही मिळाला. हक्क मिळाल्यावर ओरबाडणे थांबते, याचा याहून स्पष्ट पुरावा माझ्या युक्तिवादाला नको. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात हे इतके सरळ नाही, हेही सांगायला हवे. बोरी, कोहा, कुंड आणि पुढे वैराट, चुर्णी, धारगड अशी गावे उठली, काही अकोटकडच्या सपाटीवर वसली. त्यांना घर आणि मोबदला मिळाला, पण पिढ्यान्‌पिढ्या राखलेला मोह कुणालाच बरोबर नेता आला नाही. त्या झाडांची ओळख असलेली माणसे आज पुनर्वसित वस्त्यांत म्हातारी होत आहेत.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि मेळघाटच्या ग्रामसभांनी मिळून चार, आवळा, करवंद आणि जांभूळ यांची उत्तम झाडे येत्या हंगामातच वेचणाऱ्यांकडून दाखवून घ्यावीत. दाखवणाऱ्याला मोबदला द्यावा आणि झाडाला त्याचे किंवा तिचे नाव. त्याची नोंद २००२ च्या कायद्याने बांधल्या गेलेल्या गावच्या जैवविविधता नोंदवहीत करावी, आणि निघालेली जात २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याखाली शेतकऱ्यांचा वाण म्हणून गावाच्या नावे नोंदवण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे रूब लीकला जे मिळाले नाही ते इथल्या माणसाला मिळेल. कलमे आधी सेमाडोहसारख्या गावांच्या परसात जावीत, मग पुनर्वसित वस्त्यांत, आणि रोपवाटिका ग्रामसभेचीच असावी. खर्च फार नाही. पट्टीला भोक पाडायला तर काहीच लागत नाही.